रोजचा अध्याय

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने फोन करून सांगितले, "शाळेविषयी लिहा, पण नुसत्या आठवणी नकोत, थोडे इतिहासाच्या अंगाने लिहा." मी इतिहासाचा शिक्षक होतो, म्हणून ही शिक्षा माझ्या वाट्याला आली असावी. तो लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे आली ती शाळेची इमारत नव्हे, मैदान नव्हे, तर सकाळच्या घंटेनंतरची सात-आठ मिनिटे. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, एक प्रार्थना आणि शेवटी आमेन. ते आमेन आठवते का? वर्गात ख्रिस्ती मुले असतील आठ-दहा, बाकी सगळे मराठा, माळी, ब्राह्मण, मारवाडी, मुसलमान. पण आमेन सगळ्यात मोठ्याने म्हणत ते बाकीचेच. आमेन म्हणजे आता बसायचे, एवढाच त्यांचा अर्थ होता. आमचा अर्थही त्याहून फार खोल होता असे नाही.

आम्हा ख्रिस्ती मुलांना मात्र हे संध्याकाळी पुन्हा घरी करावे लागे. कौटुंबिक उपासना म्हणतात तिला. दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी एक अध्याय आणि प्रार्थना. पोटात भूक, चुलीवर कालवणाचा वास आणि पुढ्यात लेवीयचे पुस्तक! पुष्कळ वर्षे मी असे समजत होतो, की ही रीत साहेबाबरोबर बोटीतून आली आणि आपण ती तशीच उचलली. पुढे नोकरीच्या निमित्ताने जुने कागद, चरित्रे, 'ज्ञानोदया'चे जुने अंक वाचण्यात आले, तेव्हा हा समज बदलला. पुस्तक बोटीतून आले हे खरे. वाचायची रीत आपली होती. ते कसे, ते सांगतो.

बायबल मराठीत यायच्या आधीची एक गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती आणि त्यांना तसेच काही हवे होते, म्हणून त्यांनी पुराण लिहिले. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच एका इंग्रज पाद्र्याला कळले होते, की मराठी माणूस धर्मग्रंथ डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचतो.

मराठी नवा करार प्रथम छापला गेला तो बंगालमध्ये, सेरामपूरला, १८११ साली. विल्यम कॅरींनी तो वैजनाथ पंडितांच्या मदतीने केला. इतक्या दुरून केलेले मराठी इकडे फारसे रुजले नाही. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या मिशनने छापखाना काढला. या छापखान्याचे ऋण ख्रिस्ती मंडळीपुरते नाही. तिथल्या टॉमस ग्रॅहम यांनी मराठी टाइप सुधारला. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी तिथेच टाइप घासायच्या कामावर होते. पुढे घरोघरी निर्णयसागरची पंचांगे आणि पोथ्या गेल्या, त्या अक्षरांची उमेदवारी बायबलच्या छापखान्यात झाली होती. हे मी वर्गात सांगत असे तेव्हा मुले हसत, पण विसरत नसत.

अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये पुरा छापून झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने वारले. संपूर्ण बायबल मराठीत एकत्र यायला १८४७ उजाडले. मिशन नगरला आले ते १८३१ मध्ये. १८३९ मध्ये सिंथिया फॅरारबाई इथे आल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढायची उमेद आली, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाला. गंमत अशी, की त्याच १८४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी गावी रॉबर्ट मकचेन नावाच्या तरुण पाळकाने आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या बायबलवाचनाचे एक कोष्टक तयार केले. रोज चार अध्याय. दोन घरच्यांसोबत, दोन एकट्याने. ते कोष्टक आजही जगभर वापरतात. हिशेब सोपा आहे. आमच्या बायबलात ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तरी वर्षात पुस्तक संपते.

पण हा हिशेब कुणासाठी? ज्याच्या घरी पुस्तक आहे, दिवा आहे, ज्याला वाचता येते आणि ज्याला एकट्याने बसायला जागा आहे, त्याच्यासाठी. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य घरे महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेली. माझेही घर त्यांतलेच. माझ्या पणजोबांना देवळात पोथी चालू असेल तर लांब उभे राहून ऐकावी लागे. पोथीला हात लावणे सोडाच, वाचणाऱ्यावर सावली पडू नये इतके लांब. अशा घरात एक दिवस ग्रंथ आला आणि तो आणणारा म्हणाला, हा हातात घ्या, हा तुमचा आहे. त्यानंतर त्या घरातली माणसे तो ग्रंथ कसा वाचतील? ती लांब उभी राहून जसा ऐकत आली होती तसाच. एक जण मांडी घालून मोठ्याने वाचणार, बाकीचे भोवती बसून ऐकणार, मध्येच कुणी 'हो रे देवा' म्हणणार.

माझी आजी याचे चालतेबोलते उदाहरण होती. लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. गावच्या मिशन शाळेतल्या गुरुजींची बायको रात्री चार बायका जमवून त्यांना शिकवी, तिथे आजी शिकली. पाटी नंतर, आधी मार्काचे शुभवर्तमान. त्यामुळे तिला वाचता येई, पण लिहिणे सहीपुरतेच. ओळीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून ती वाचायची. जोडाक्षर आले की थांबायची, मनात फोडायची आणि मग सगळा शब्द पुन्हा म्हणायची. एका अध्यायाला अर्धा-पाऊण तास लागे. आम्हा नातवंडांचा जीव जायचा.

तिचे आवडते पुस्तक नीतिसूत्रे. त्याचे अध्याय एकतीस, म्हणून ज्या दिवशी जी तारीख तो अध्याय. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी दोन अध्याय, आणि फेब्रुवारीत अठ्ठावीस तारखेला एकदम चार! त्या दिवशी आम्ही काहीतरी निमित्त काढून मामाकडे जेवायला जायचो. तिला शेवटचा अध्याय चुकवायचा नसे, कारण त्यात घर चालवणाऱ्या कर्तबगार बाईचे वर्णन आहे. पहाटे उठणारी, सूत काढणारी, शेत विकत घेणारी ती बाई आजीला ओळखीची वाटत असावी. फक्त शेत विकत घ्यायचे तेवढे तिच्याकडून राहून गेले.

ते बायबल ती तांबड्या कापडात बांधून ठेवी, पोथी बांधतात तसे. एकदा पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "ताई, हे पुस्तक वाचायसाठी आहे, मूर्तीसारखे गुंडाळून ठेवू नका." आजी म्हणाली, "साहेब, धूळ लई बसतीया." कापड राहिले.

आता प्रार्थनेविषयी. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्त सांगतो, की लोकांना दाखवायला प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावा आणि एकांतात बापाशी बोला. शाळेत हा धडा मी स्वतः वाचून दाखवला आहे. पण आमचे घर दीड खोलीचे होते. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हते, गोणपाटाचा पडदा होता. दार कुठले लावायचे? आजी डोक्यावरून पदर घ्यायची आणि तो चेहऱ्यापुढे इतका ओढायची, की आत ती एकटी होई. तेच तिचे दार. आणि त्या पदराच्या आत ती जे बोले ते सगळ्या घराला ऐकू येई, ही त्यातली मौज. शेळी गाभण राहिली नाही इथपासून मला मारणाऱ्या मास्तरांना सुबुद्धी दे इथपर्यंत. आमच्या वर्गातला एक मुसलमान मित्र विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळला होता. आजी रोज त्याचे नाव घेई, पण तिच्याकडून ते नाव कधीच नीट उच्चारले गेले नाही. तो बरा होऊन घरी आला तेव्हा तिने त्याला भाकरी-दूध वाढले आणि त्याच चुकीच्या नावाने हाक मारली. तो मित्र आपल्या मेळाव्याला येणार आहे. त्याला आम्ही अजून त्याच नावाने हाक मारतो आणि नव्या पिढीला त्याचे कारण माहीत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवले.

इतिहासाचा मास्तर म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळेतले शास्त्रवाचन सगळ्यांना गोड लागत नव्हते आणि त्यापायी घरे मोडली आहेत. १८४३ साली मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्री परुळेकर या तरुण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो जेमतेम बारा वर्षांचा होता. बाप कोर्टात गेला, कोर्टाने मूल बापाला दिले. पण जात त्याला परत घ्यायला तयार होईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभे राहून प्रायश्चित्त घडवून आणले आणि त्यासाठी स्वतः लोकांचा रोष पत्करला. मला यात कुणाला खलनायक करता येत नाही. मिशनऱ्यांची श्रद्धा खरी, बापाचे दुःख खरे, मुलाची ओढ खरी, जांभेकरांचे धैर्यही खरे. पण शाळेत रोज सकाळी वाचला जाणारा उतारा म्हणजे निरुपद्रवी रिवाज होता, असे आपण म्हणू नये. आपल्या काळापर्यंत त्याची धार गेली होती आणि आपण सुखाने आमेन म्हणून खाली बसत होतो, एवढेच. शास्त्राच्या परीक्षेत पहिले बक्षीस दर वर्षी एका जोशांच्या मुलाला मिळे, त्याचे त्याच्या घरी कौतुकच होत असे.

काहींच्या बाबतीत मात्र हे वाचन शाळेशिवायच घडले. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते, तेव्हा आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते आपल्या नगरला राहिले आणि त्यांची गीते आजही 'उपासना संगीता'तून म्हटली जातात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या गीतांची भाषा पाहिली की ते पटते. देवाला 'तू' म्हणून भांडायची, रुसायची सवय आपल्याला संतांनी लावली. माझ्या आजीने तुकाराम वाचला नव्हता, पण पदराआडून ती देवाशी हुज्जत घालायची ती त्याच भाषेत.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ पाच वर्षे त्या वेगळ्या श्रद्धेने राहिल्या. त्यांना वाचायला टिळकांनीच शिकवले होते, पण त्यांचे मन पालटले ते कुणी पढवल्यामुळे नव्हे. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना सोवळेओवळे त्यांच्या मनातून कसे गळून पडले ते आठवत असेल. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते पुढे याच बाईने पुरे केले.

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्या हाती लूकाच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली ती आसामात सिलचरला, नवऱ्याच्या पुस्तकांत. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो बायका-मुली होत्या. त्यांना रोज वाचायला द्यायचे बायबल या मुलींना समजत नाही, ते पंडितांच्या मराठीत आहे, हे रमाबाईंच्या ध्यानात आले. स्वतः संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता! पण त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत सगळे बायबल स्वतः भाषांतरित केले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या तिथल्याच बायका होत्या. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. ऐकू येणे कमी झालेले, प्रकृती ढासळलेली, तरी प्रुफे तपासणे चालूच होते. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ग्रंथ त्यांच्या मागे पूर्ण बाहेर पडला. मंडळीत वाचला जात राहिला तो मात्र बायबल सोसायटीचाच, रमाबाईंचा नाही. मला याचे वाईट वाटते. जगात कुठे एकट्या बाईने मूळ भाषांवरून सगळे बायबल केले आणि ते बायकांनीच छापले? आणि आपल्याकडे किती घरांत त्याची प्रत आहे? अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' केले, त्याला साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कारही मिळाला, तेव्हा मला पुन्हा केडगाव आठवले.

आता माझ्याविषयी थोडे. कॉलेजात गेलो आणि वाचन सुटले. कारण सांगण्यासारखे काही नाही. नोकरी, संसार, वर्गातल्या तासांची तयारी. रविवारी देवळात जाई, नाताळला नवे कपडे घाली, पण रोजचा अध्याय वीस-बावीस वर्षे उघडला नाही. घरी गेलो की वडील विचारीत, "वाचतोस ना?" आणि मी "हो" म्हणे. हे खोटे आहे हे त्यांना कळत होते आणि त्यांना कळते हे मलाही कळत होते. दोघेही पुढे काही बोलत नव्हतो.

मग वडिलांची दृष्टी गेली. काचबिंदू होता, ध्यानात यायला उशीर झाला. आजीनंतर घरचे वाचन त्यांच्याकडे होते. साठ वर्षांत एक दिवस खंड नसेल. मी त्यांना माझ्याकडे घेऊन आलो आणि पहिल्याच संध्याकाळी, दिवे लागल्यावर, ते काही न बोलता खुर्ची ओढून बसले. मागितले काहीच नाही. मी कपाटातून माझे बायबल काढले. लग्नात भेट आलेले, कोरे करकरीत, पाने एकमेकांना चिकटलेली. वाचायला लागलो.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्यांनी हात वर केला. "असं नाही ते." मी पुन्हा वाचले. पुन्हा हात. माझी प्रत नव्या भाषांतराची होती, त्यांच्या तोंडात जुने. अर्थ तोच, शब्द वेगळे, आणि त्यांना ते वेगळे शब्द चालत नव्हते. मी इतिहासाच्या मास्तराप्रमाणे समजावू लागलो, की भाषांतर दर पिढीला नवे करावेच लागते, १८११, १८२६, १८४७, रमाबाई... त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते खरंय. पण मला आईच्या आवाजात ऐकू येतं, तिथं अडखळायला होतं."

दुसऱ्या दिवशी गावाहून आजीचे बायबल मागवले. तांबडे कापड विटून तपकिरी झाले होते. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले. अक्षर इतके बारीक, की मला भिंग घ्यावे लागले. भिंग धरून वाचायचे म्हणजे आपोआप एकेका शब्दावर थांबावे लागते. जोडाक्षराला मी अडखळलो की वडील हसत. ते का हसतात, ते मला दोन दिवसांनी कळले.

असे चौदा महिने वाचले. प्रार्थना तेच करत. माझ्यावर आली की मी प्रभूची प्रार्थना म्हणून सुटका करून घेई. शेवटच्या आठवड्यात स्तोत्रसंहितेतले एकशे एकोणिसावे स्तोत्र चालू होते. ते १७६ वचनांचे, म्हणून तुकडे करून घेत होतो. त्यांच्या आदल्या संध्याकाळच्या तुकड्यापाशी मी बसच्या तिकिटाची खूण घातली होती. ते गेल्यावर पंधरा दिवस पुस्तक तसेच होते. मग एका संध्याकाळी बायकोने दिवा लावला, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "कुठपर्यंत आलं होतं?" मी तिकीट काढले आणि पुढच्या वचनापासून वाचायला लागलो.